घरचा आकाशकंदील
(रात्रीच्या वर्गात दसऱ्यानंतर दिलेल्या भाषणावरून)

मंडळी, आज पाटी-पेन्सिल बाजूला ठेवायची आहे. पुस्तकही मिटून ठेवा. दसरा झाला, सोने वाटून झाले, दिवाळी तीन आठवड्यांवर आली. कुणाच्या घरी सोयाबीनची मळणी चालू आहे, कुणाचा भुईमूग अजून वावरात आहे. दिवसभर राबून तुम्ही इथे येता, त्यामुळे आम्ही फार वेळ घेणार नाही. पण आजचा विषय असा आहे की तो थोडा रंगला तर आम्हांला दोष देऊ नका.

गेल्या बुधवारी वर्ग सुटला. दिवे मालवून आम्ही निघालो, तर पलीकडच्या आळीतल्या आक्का पायरीपाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाई, औंदा नातीनं हट्ट धरलाय. दाराला कंदील लावायचा म्हणती. पर आमच्या घरात कंदील लावत न्हाईत."

"का हो, आक्का?"

तेव्हा त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या परवानगीने तुम्हांला सांगतो. आक्का लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांचे बिऱ्हाड मळ्यात होते. वस्तीवर वीज आली नव्हती. दिवाळीला सासूबाईंनी कागदाचा कंदील केला, आत पणती ठेवली आणि दारातल्या लिंबाच्या फांदीला टांगला. रात्री वारा सुटला. कंदील हेलकावला, पणती कलंडली, कागद पेटला. त्याचे एक जळते चिंध्याएवढे तुकडे उडाले आणि कडब्याच्या गंजीवर पडले. विहिरीवरून घागरी आणून माणसे दमली. घर वाचले, जनावरे सोडून दिली म्हणून वाचली. वर्षाची वैरण मात्र गेली. पुढे उन्हाळ्यात बैलजोडी बाजारात न्यावी लागली. सासूबाईंनी त्यानंतर घरात कंदिलाचे नाव काढू दिले नाही. त्या गेल्या, पण घरचा नेम तसाच राहिला.

आक्कांनी शेवटी विचारले, "इजेचा दिवा लावला, तर पेटत न्हाई न्हवं?"

आम्ही म्हणालो, "आक्का, याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. शुक्रवारी सगळ्यांपुढे बोलू." म्हणून आजचे हे बोलणे.

आधी थोडे जुने सांगतो. आकाशकंदील ही काही शहरातून आलेली हौस नाही. कार्तिक महिन्यात उंच बांबूला दिवा बांधून तो आकाशात चढवायचा, पितरांना वाट दिसावी म्हणून, ही चाल फार जुनी. त्याला आकाशदिवा म्हणत. देवळापुढच्या दीपमाळा तुम्ही पाहिल्या आहेत. औंधला यमाईच्या दर्शनाला गेलेल्यांना तिथली उंच दीपमाळ आठवत असेल. दगडाचा खांब, त्याला बाहेर आलेले हात आणि प्रत्येक हातावर पणती. दीपमाळ म्हणजे गावाचा आकाशकंदीलच म्हणा ना. प्रतापगडावर नवरात्रात मशाली पेटवतात, त्रिपुरी पौर्णिमेला कृष्णेच्या घाटावर पणत्या लागतात. आपल्या गुराखी पोरांची लव्हाळ्याची दिवटी तर घरचीच. वसुबारसेला ती घेऊन गाईम्हशींना ओवाळायचे. तात्या मान हलवताहेत, म्हणजे त्यांनी विणलेली दिसते.

साताऱ्याकडचे आणि सांगलीकडचे या बाबतीत वेगळे नाही. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ सालापर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. मग दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. कागदावर रेघ पडली. दिवाळी तीच राहिली. पोरे दारात मातीचा किल्ला करतात, त्यावर हळीव पेरतात, आणि किल्ल्याच्या डोक्यावर कंदील हलत असतो. हे कराडातही तसेच आणि विट्यातही तसेच.

'कंदील' हा शब्द मात्र लांबून आला आहे. अरबीत किंदील म्हणतात. तोही त्याहून जुन्या, पश्चिमेकडच्या शब्दावरून आला. इंग्रजीत मेणबत्तीला कॅन्डल म्हणतात ना, तिचे मूळ तेच. चीन-जपानातली माणसेसुद्धा बांबूच्या कामट्या आणि पातळ कागद घेऊनच कंदील करतात. नाताळात ख्रिस्ती घरांवर चांदणी लागते. ती आणि आपली चांदणी बहिणी-बहिणीच. हलका सांगाडा, त्यावर कागद, आत उजेड. माणूस कुठलाही असो, त्याला हे सुचलेच.

आणखी एक कंदील आठवतो. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. मोठी माणसे रात्री जमून अक्षरे गिरवू लागली. तेव्हा पुष्कळ गावांत वीज नव्हती. रॉकेलच्या कंदिलाची काच पुसायची, वात कापायची, मग अ-आ. आज आपल्या डोक्यावर दिवा आहे, एवढे ध्यानात ठेवा आणि तो गेला की कुरकुरू नका. असो.

आता कामाला लागू.

बाजारात तयार कंदील मिळतात. प्लास्टिकचे, घडीचे, चकचकीत. घ्यायचे त्याने घ्यावेत. पण दिवाळी झाली की ते उकिरड्यावर जातात आणि तिथून ओढ्यात. आम्हांला घरचा कंदील आवडतो. त्याचे खरे कारण सांगायचे तर, तो करताना घरातली चार माणसे एका जागी बसतात. सामान असे लागते: एक बरा कळक, जाड दोरा, पतंगी कागदाचे ताव, कात्री, कोयता, चाकू, मूठभर पीठ. शिराळा, पाटण, जावळीच्या डोंगराकडे कळक घरचाच असतो. आपल्याकडे बुरुडाच्या आळीत जा. टोपल्या-सुपांतून उरलेल्या कामट्या स्वस्तात मिळतात आणि त्या आधीच तासलेल्या असतात. बुरुडाइतकी गुळगुळीत कामटी तुम्हांआम्हांला जमायची नाही, उगाच हात कापून घेऊ नका.

आपण जुना, पैलूंचा कंदील करू. याला चोवीस कामट्या लागतात. सगळ्या एका लांबीच्या. शिवाय दोन जरा लांब, त्यांचे पुढे सांगतो.

एका लांबीच्या म्हणजे अगदी एका लांबीच्या! इथे गेल्या वर्षीची फजिती सांगायलाच हवी. आम्ही सांगितले, "एक वीत लांबीच्या कामट्या कापा." तिघी जणी तीन कोपऱ्यांत बसल्या आणि कापू लागल्या. एकीची वीत नऊ इंच, एकीची आठ, तिसरीची त्याहून थोडी कमी. बांधायला घेतले तर एकही चौकोन दुसऱ्याला जुळेना. कंदील झाला तो बसक्या भोपळ्यासारखा. चूक त्यांची नव्हती, आमची होती. माप सांगताना कुणाची वीत ते आम्ही सांगितले नाही. आता असे करायचे: फूटपट्टी घ्यायची, शून्यापासून नवापर्यंत मोजायचे आणि नऊ इंचांची एकच काडी आधी कापायची. ती मापाची काडी. तिच्यावर शाईने खूण करून ठेवा. बाकीच्या तेवीस कामट्या तिला लावूनच कापायच्या. नव्या कापलेल्या कामटीवर पुढची मोजायची नाही. केसाएवढी चूक होते आणि ती दर काडीला वाढत जाते, शेवटची काडी बोटभर लांब निघते. आणि पट्टी शून्यापासून धरा हो, एकापासून नव्हे. ही चूक शिकलेली माणसेही करतात.

चार कामट्यांचा एक चौकोन बांधायचा. असे सहा चौकोन. चार सक चोवीस. पाढा आठवला का? दोरा आधी पाण्यात भिजवून घ्या, वाळला की गाठ आवळते.

मग चार चौकोन उभे धरायचे, पण सरळ नाही. कोपऱ्यावर उभे, शंकरपाळ्यासारखे. एकाचा बाजूचा कोपरा दुसऱ्याच्या बाजूच्या कोपऱ्याला बांधायचा. चौघांचे कडे झाले. आता वर चार कोपरे टोक करून उभे राहतात, त्यांवर पाचवा चौकोन आडवा ठेवायचा आणि कोपऱ्याला कोपरा बांधायचा. खाली तसाच सहावा. झाला सांगाडा. मोजून पाहा: कोपरे बारा, आणि चौकोनांच्या मधे आपोआप तयार झालेले तिकोन आठ. तिकोन आपण बांधलेच नाहीत, ते जुळून आले. हे पहिल्यांदा पाहिले की पोरांना फार मौज वाटते. खरे सांगायचे तर आम्हांलाही वाटते.

पण हा सांगाडा हातात घेतला की तो पिळवटतो. वरून दाबला की गोल फिरत खाली बसतो. पुष्कळांना वाटते, गाठी ढिल्या राहिल्या. गाठींचा दोष नाही. चौकोनाचा स्वभावच असा आहे. चार काड्यांचा चौकोन कितीही घट्ट बांधा, एका कोपऱ्याला रेटले की तो तिरपा होतो. तीन काड्यांचा तिकोन मात्र हलत नाही. तुमच्या घराच्या आढ्याखाली लाकडाची कैची असते, ती तिकोनी का असते? सुतार वेडा नाही. वाऱ्याने छप्पर तिरपे होऊ नये म्हणून. तेव्हा आपल्या चौकोनांतही तिकोन करायचे. बाजूच्या चार चौकोनांत कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून फुली बांधायची. वरच्या आणि खालच्या चौकोनात दोऱ्याऐवजी एकेक कामटी तिरपी बांधायची. आधी म्हटल्या त्या लांब दोन कामट्या याच. नऊ इंचांच्या चौकोनाला ही तिरपी कामटी पावणेतेरा इंचांची लागते, बांधायला धरून चौदा कापा. वरच्या कामटीला दिवा टांगायचा. खालची कामटी एका बाजूला हात जाईल एवढी जागा सोडते, तिथून दिवा बदलता येतो. आता सांगाडा दाबून पाहा. हलणार नाही. कंदील एक हात रुंद आणि त्याहून थोडा कमी उंच होईल.

आता खळ. पळीभर कणीक किंवा मैदा आधी गार पाण्यात कालवा, गुठळी राहता कामा नये. मग उकळते पाणी हळूहळू ओतत ढवळा, काचेसारखी झाक आली की उतरवा. थंड खळ लावायची, गरम लावली तर पतंगी कागद विरतो. खळीला किडे, झुरळे, उंदीर लागतात, म्हणून जुनी माणसे चिमूटभर मोरचूद घालत. घाला, पण मोरचूद विष आहे. स्वयंपाकाचे भांडे नको, जुना डबा घ्या, त्यावर खडूने 'विष' असे लिहा. दोनच अक्षरे आहेत, सगळ्यांना येतात. ज्या घरात रांगते मूल आहे त्यांनी मोरचूद घालूच नये. कंदिलाला भोके पडली तर पडू द्या.

कागद कापताना डोळ्याने अंदाज करू नका. ताव जमिनीवर पसरा, सांगाड्याची ती बाजू त्यावर टेकवा, पेन्सिलीने कडेने रेघ ओढा आणि रेघेबाहेर बोटभर जागा सोडून कापा. ती बोटभर कड कामटीवरून आत दुमडून चिकटवायची. बाजूचे चार चौकोन आणि आठही तिकोन मढवायचे. वरचा व खालचा चौकोन मोकळा ठेवायचा. का? आतली ऊब वरून बाहेर गेली पाहिजे. सगळीकडून बंद केलेला कंदील दिसतो चांगला, पण तो कोंदट खोलीसारखा आहे.

रंग तुमच्या आवडीचे. एक सूचना करतो. चौकोनांना फिका रंग द्या, पिवळा किंवा पांढरा, आणि तिकोनांना गडद, लाल किंवा हिरवा. सगळेच गडद घेतले तर रात्री कंदील काळा दिसतो. निळ्या कागदातून उजेड फार कमी बाहेर येतो. दिवसा सुंदर आणि रात्री मुका, असा कंदील काय कामाचा! खाली झिरमिळ्या लावा. कागदाच्या पट्ट्या कापून, वर एकत्र चिकटवून, चारी कोपऱ्यांना. फार लांब नकोत, वाऱ्यात गुंतून त्या कंदीलच फाडतात. चौकोनावर नक्षी हवी असेल तर दुसरा कागद घडीवर घडी घालून कात्रीने कापा, उलगडला की फूल होते. सावलीत वाळवा, उन्हात रंग उडतो.

ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी खराट्याच्या हिरांचा लहान कंदील करावा. पोरांच्या किल्ल्याला तो पुरतो.

आता आक्कांचा प्रश्न. पेटतो का?

पणती कागदाच्या कंदिलात ठेवायची नाही. कितीही जपून ठेवली तरी नाही, वारा कुणाला विचारून येत नाही. पणत्या तुळशीपाशी, उंबऱ्यावर, ओट्यावर लावा. धनत्रयोदशीला कणकेचा दिवा दक्षिणेला तोंड करून ठेवता, तो जमिनीवरच असतो. तिथेच ज्योत शोभते. कंदिलात विजेचाच दिवा हवा.

पण विजेचे दिवेही सगळे सारखे नाहीत. जुना तारेचा पिवळा बल्ब असतो ना, त्याला लागणाऱ्या विजेतली बहुतेक वीज उजेडाऐवजी उष्णतेत जाते. पेटलेल्या बल्बला हात लावून कुणाचे बोट पोळले आहे? बघा, किती हात वर झाले. कंदील हेलकावून कागद त्या काचेला टेकला तर आधी तांबूस होतो, मग करपतो. म्हणजे आक्का, विजेच्या दिव्यानेही कंदील पेटू शकतो. आता एलईडीचा दिवा मिळतो, तो त्या मानाने पुष्कळ थंड राहतो. तोच घ्यायचा. नऊ वॉटचा पुरे होतो.

तो नऊ वॉटचाच आहे हे कसे कळणार? खोक्यावर लिहिलेले असते. इथे तुमचे शिक्षण कामी येते. दुकानदार घाईत असतो, हाताला येईल ते खोके देतो. तुम्ही खोके हातात घ्यायचे, फिरवायचे, आकडा शोधायचा. नवाचा आकडा आणि त्यापुढे इंग्रजी अक्षर, दोन खोल दऱ्यांसारखे. फळ्यावर काढले आहे ते बघून ठेवा. साठ लिहिलेले असेल तर परत द्या. गेल्या दिवाळीत याच वर्गातल्या एका काकींनी खोके परत दिले होते. दुकानदार म्हणाला, "काकी, वाचाया कधी शिकलासा?" त्या आजही ती गोष्ट सांगतात आणि दर वेळी थोडी वाढवून सांगतात.

हिशेबही करून टाकू. वसुबारसेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत धरा वीस रात्री. रोज पाच तास दिवा. साठ वॉटचा बल्ब: साठ पंचे तीनशे, तीनशे गुणिले वीस म्हणजे सहा हजार. हजाराचे एक युनिट, म्हणजे सहा युनिटे. नऊ वॉटचा: नऊ पंचे पंचेचाळीस, गुणिले वीस म्हणजे नऊशे. एक युनिटसुद्धा भरत नाही. बिलावर युनिटाचा दर छापलेला असतो, त्याने गुणा, रुपये निघतील. हे घरी करून आणा.

वायरीचे आता नीट ऐका, कारण कागद पेटला तर पाणी ओतता येते, विजेने धरले तर हात सोडवता येत नाही. घरातली वीज २३० व्होल्टची असते. कंदिलाला अखंड वायर घ्यावी. तीन तुकडे जोडून केलेली नको. जोड द्यावाच लागला तर तो घरात, कोरड्या जागी, वर चिकटपट्टी गुंडाळून. वायर भोकातल्या खिळ्याला नुसती खोचायची नाही, प्लग लावायचा. काम करताना बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढून ठेवायचा. कंदिलाचा भार वायरीवर टाकायचा नाही, त्याला वेगळी सुतळी. वायर बाहेरून घरात येते तिथे ती आधी जरा खाली लोंबती ठेवा आणि मग वर घ्या. पावसाचे किंवा दवाचे पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडते, वायरीवरून ओघळत बटणापर्यंत जात नाही. आणि तारेवर आकडा टाकून रोषणाई करणाऱ्याच्या कंदिलाखाली उभेसुद्धा राहू नका. तो गुन्हा आहे, हे तर आहेच. त्यात माणसे मेलेली आहेत.

कंदील कुठे टांगायचा? पडवीत किंवा वळचणीखाली, जिथे परतीचा पाऊस आला तरी भिजणार नाही. कडब्याची गंज, पाचट, गवताचे छप्पर, सरपणाचा ढीग यांच्यापासून लांब. एलईडी असला तरी लांब. कळकावर उंच चढवायचा असेल तर वरून विजेची तार जात नाही ना, हे दिवसाउजेडी पाहा. ओला कळक तारेला लागला तर काय होईल ते सांगायला नको. माणसे झोपली की दिवा मालवा. पितरांना वाट पहाटेपर्यंत लागते असे आबा म्हणतात. त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही, पण मालवा.

वीजच नको अशीही वेळ येते. ते साल तुम्ही कुणी विसरला नाही. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा चढली. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे, तिथे पाणी ५७ फुटांवर गेले. त्या वेळी नदीकाठच्या एका गावात आमचा वर्ग चाले. पाणी उतरले तेव्हा पाट्या नव्हत्या, फळा नव्हता, पुस्तकांचा लगदा झाला होता. अडीच महिन्यांनी, २७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन आले. भिंती अजून ओल्या होत्या. भिंतीला हात लावला की झिणझिण्या येत. वायरमन म्हणाला, "इतक्यात काही टांगू नका." लोक म्हणत होते, "कसली दिवाळी आणि कसलं काय!"

घराघरांत मदतीची रिकामी खोकी पडलेली होती. बिस्किटांची, कपड्यांची, औषधांची. आम्ही दाभण घेऊन बसलो. खोक्याचा पुठ्ठा कापून त्याची नळी करायची, दाभणाने भोके पाडून त्यावर चित्र काढायचे आणि आत बॅटरीचा लहान दिवा ठेवायचा. भोकाभोकांतून उजेड येतो आणि चित्र उमटते. ना वायर, ना ज्योत. पोरांनी बैल काढले, बायकांनी तुळशीवृंदावन काढले. एक आजोबा होते, साठी उलटलेली. महापुराआधी त्यांची अक्षरओळख पुरी होत आली होती. ते म्हणाले, "म्या माझं नाव काढतो." रात्री आठ वाजेपर्यंत भोके पाडत बसले. दिवा लावला तर नाव उलटे! त्यांनी आतल्या बाजूने लिहिले होते. सगळे हसले, तेही हसले. दुसऱ्या दिवशी दुसरे खोके घेतले आणि बाहेरच्या बाजूने लिहिले. पाट्या वाहून गेल्यावर त्यांनी लिहिलेले ते पहिले नाव. ते दारावर टांगले. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबून वाचत होता. ज्यांना वाचता येत नव्हते ते विचारत होते, "काय लिवलंय?"

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले, तेव्हा आजोबांनी पहिल्यांदा तो कंदील माळ्यावर टाकला, मग बाकीचे सामान. त्यांच्या सूनबाईंनी हे आम्हांला जरा रागानेच सांगितले.

हा पुठ्ठ्याचा कंदील ज्यांच्या वस्तीवर वीज जाते-येते त्यांनी जरूर करावा. गोठ्यापाशी लावायलाही तोच बरा.

आक्का, तुमच्या प्रश्नाचे उत्तर एवढे लांबले. तुमच्या सासूबाई चुकीचे वागल्या असे आम्ही म्हणत नाही. ज्या घरची बैलजोडी गेली त्या घराने कंदील बंद केला, यात नवल नाही. पण त्या रात्री घात केला तो पणतीने, वाऱ्याने आणि जवळच्या गंजीने. कंदील नुसता कागद होता. नातीला घेऊन या. ती कापेल, तुम्ही बांधा. कुठे टांगायचा ते आपण तुमच्या दारात येऊन ठरवू. लिंबाच्या फांदीला नको, एवढे आत्ताच सांगतो. पडवीत आढ्याला जुना आकडा आहे असे तुम्ही म्हणाला होता, तो हलवून बघून ठेवा.

तर मंडळी, पुढच्या शुक्रवारी येताना कामट्या आणि दोरा आणा. कात्री दोन घरांत मिळून एक चालेल. फूटपट्ट्या वर्गात आहेत. कळक तासायचा असेल तर तो घरूनच तासून आणा, इथे पोरे असतात, कोयता आणू नका. कागदाचे ताव तासगावच्या बाजारातून आम्ही एकदम घेऊन येऊ, ज्याचे त्याने पैसे द्यावेत, हिशेब फळ्यावर लिहिलेला असेल, वाचून घ्या. खळही आम्हीच करून आणतो. तिच्यात मोरचूद असेल, तेव्हा डब्यावर काय लिहिले आहे ते आधी वाचा आणि मग बोट घाला.